निशादीप्त ढगांवर लायडार: जागेच्या निवडीपासून आकड्यांच्या छाननीपर्यंत

निशादीप्त ढग, म्हणजेच नॉक्टिल्युसंट क्लाउड्स किंवा एनएलसी, जमिनीपासून सुमारे ८३ किलोमीटरवर असतात. उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या प्रदेशात या उंचीवरची हवा वर सरकते, प्रसरण पावते आणि थंड होते. तापमान १५० केल्विनच्या, म्हणजे उणे १२३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिथल्या अत्यल्प बाष्पाचाही बर्फ होतो. हे कण साधारण ५० नॅनोमीटर त्रिज्येचे असतात आणि थर जेमतेम एखादा किलोमीटर जाड असतो. १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या निरीक्षकांनी त्यांची नोंद केली. पुढे ऑटो येसे यांनी बर्लिन परिसरातून एकाच वेळी दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन त्यांची उंची ८२ किलोमीटरच्या आसपास ठरवली. लायडारवर, म्हणजे लेसरच्या पल्स वर सोडून परतणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर, हा थर पहिल्यांदा निःसंदिग्धपणे सापडला तो ऑगस्ट १९८९ मध्ये, नॉर्वेतल्या आंडोया बेटावर.

डोळ्यांना हे ढग दिसण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते १६ अंश असावा लागतो. पण ढग सर्वात जास्त असतात तिथे जून-जुलैत सूर्य मावळतच नाही. लायडार लागतो तो यासाठी. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: या कामात लेसरची ताकद दुय्यम आहे. नको असलेला प्रकाश किती काटेकोरपणे बाहेर ठेवता यावरच सगळे ठरते. निधी मंजूर झाला की पहिला विचार मोठ्या लेसरचा होतो. तो पैसा फिल्टर आणि झोत-स्थिरीकरणावर घातला तर जास्त कामी येतो.

जागा आणि हंगाम

आंडोयावरची अलोमार वेधशाळा ६९ अंश उत्तर अक्षांशावर, रामनान डोंगरावर ३७९ मीटर उंचीवर आहे. तिथला रेले-मी-रामन लायडार (प्रकाश विखुरण्याच्या, म्हणजे प्रकीर्णनाच्या, तीन प्रकारांवरून हे नाव) १९९४ पासून चालू आहे. जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावर क्युलुंग्सबोर्न इथे (५४ अंश उत्तर) दिवसाही चालणारा लायडार आहे, पण तिथे ढग खूपच कमी वेळा येतात. ग्रीनलंडमधले सोंद्रेस्त्रोम आणि दक्षिणेकडे अंटार्क्टिकातले डेव्हिस, रोथेरा ही ठिकाणेही या कामासाठी वापरली गेली आहेत. उत्तरेचा हंगाम जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दक्षिणेचा नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी.

महाराष्ट्रातून हे ढग पाहायचा प्रश्नच नाही, कारण उष्ण कटिबंधात त्या उंचीवर हवा पुरेशी थंड होत नाही. पण उपकरण आपल्याला परके नाही. तिरुपतीजवळ गादंकी इथे आणि माउंट अबूवर अशाच घडणीच्या रेले लायडारने मध्यावरणाचे तापमान मोजले गेले आहे. झोताची जुळणी, फोटॉनगणना, पार्श्वप्रकाशाची वजाबाकी हे सगळे तिथे शिकता येते, आणि उत्तरेत जाऊन पहिला हंगाम शिकण्यात घालवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

आधी कागदावरचा हिशोब

काहीही विकत घेण्याआधी एका पल्समागे किती फोटॉन परततील हे काढा. उदाहरण म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर, पल्सला ३०० मिलिज्यूल, सेकंदाला ३० पल्स आणि १.८ मीटर व्यासाची दुर्बीण घेऊ.

या तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा ३.७ × १०^-१९ ज्यूल, म्हणजे पल्समध्ये सुमारे ८ × १०^१७ फोटॉन. ढगाचा पश्चप्रकीर्णन गुणांक, म्हणजे ढग किती प्रकाश मागे विखुरतो त्याचे माप, १०^-१० प्रति मीटर प्रति स्टरेडियन या मापात मोजायची पद्धत आहे. पुढे त्याला नुसते 'एकक' म्हणू. सर्वसाधारण ढग १० एककांचा. उंचीचा खण, म्हणजे एकत्र मोजायचा उंचीचा तुकडा, १५० मीटरचा धरला, तर ८३ किलोमीटरवरून दुर्बिणीच्या तोंडाशी पल्समागे सुमारे ४४ फोटॉन येतात. जाता-येता वातावरणात निम्मे गळतात, आणि आरसे, फायबर, फिल्टर, डिटेक्टर मिळून पाच टक्केच मोजले जातात. हाती उरतो पल्समागे एक फोटॉन.

आता दिवसाचा पार्श्वप्रकाश बघा. निरभ्र आकाशाची तेजस्विता दर चौरस मीटर, दर स्टरेडियन, दर नॅनोमीटर ०.१ वॅट धरली आणि दृष्टिक्षेत्र १८० मायक्रोरेडियन असले, तर ०.३ नॅनोमीटर पट्ट्याच्या साध्या इंटरफेरन्स फिल्टरमधून त्याच खणात पल्समागे अडीचशेच्या घरात फोटॉन मोजले जायला हवेत. १५० मीटरचा खण म्हणजे एक मायक्रोसेकंद. इतक्या वेगाने नेहमीचा फोटॉनगणक मोजू शकत नाही, तो आंधळा होतो. पट्टा ४ पिकोमीटरवर आणला की तोच आकडा साडेतीनच्या आसपास येतो. दृष्टिक्षेत्र ६० मायक्रोरेडियनपर्यंत आवळले तर अर्ध्याच्याही खाली. लेसर दुप्पट करून सिग्नल फक्त दुप्पट झाला असता. इथे पार्श्वप्रकाश सहाशेपट घटला.

लहान संचाचाही हिशोब करून ठेवा. ३० सेंटिमीटरची दुर्बीण, ५० मिलिज्यूल, सेकंदाला २० पल्स: पाच मिनिटांत ढगाच्या खणात जेमतेम ३० गणना. अंधाऱ्या आकाशात एवढ्यावर थर ओळखू येतो. दिवसा, ४ पिकोमीटरचा फिल्टर लावूनही, तास-तासभराची सरासरी घ्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात थर शे-दोनशे मीटर सरकून पुसट झालेला असतो. लहान संच असेल तर साठ अंशांखालची, खरी रात्र होणारी जागा निवडा.

लेसर आणि झोत

एनडी-याग लेसर हाच सरळ पर्याय. मूळ १०६४ नॅनोमीटर, त्यातून स्फटिकांद्वारे ५३२ आणि ३५५. अरुंद फिल्टर वापरायचा तर लेसरची वर्णरेषाही तितकीच अरुंद हवी, म्हणून इंजेक्शन सीडिंग (लहान, स्थिर 'सीड' लेसरने मोठ्याची तरंगलांबी बांधणे) असलेलाच लेसर घ्या आणि सीड लेसर आयोडीनच्या शोषणरेषेला बांधा. सीडिंग सुटलेल्या पल्सची खूण डेटामध्ये पडली पाहिजे. अशा पल्स नंतर वेगळ्या काढता येत नसतील, तर तो सगळा मिनिट वाया.

पल्सचा दर फार वाढवू नका. ८३ किलोमीटरवरून प्रकाश परत यायला ५५३ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला २००० पल्स सोडल्या तर पुढची पल्स ५०० मायक्रोसेकंदांनीच निघते आणि ढगाचा क्षीण परतावा पुढच्या पल्सच्या आठ किलोमीटरवरून येणाऱ्या प्रचंड परताव्याखाली गाडला जातो. हवेतील धूलिकण मोजणारे मायक्रोपल्स लायडार आहेत तसे इथे उपयोगी पडत नाहीत, त्याचे हे एक कारण.

झोत एक्सपांडरमधून २० सेंटिमीटरपर्यंत रुंद करून सोडा, म्हणजे त्याचे पसरणे काही दहा मायक्रोरेडियनवर येते. तो दुर्बिणीच्या अक्षावरूनच वर पाठवा. बाजूने पाठवला तर उंचीगणिक जुळणी बदलत राहते.

सुरक्षितता

२० सेंटिमीटरच्या झोतात ३०० मिलिज्यूल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक मिलिज्यूल. डोळ्यांच्या सुरक्षित मर्यादेच्या हे निदान हजारपट आहे. झोत पसरल्यावर दहा किलोमीटरवर, म्हणजे प्रवासी विमानांच्या उंचीवर, तीव्रता मर्यादेच्या शंभरपटीहून जास्तच उरते. त्यामुळे विमान वाहतूक नियंत्रणाची लेखी परवानगी, विमान जवळ येताच लेसर आपोआप अडवणारा रडार किंवा एडीएस-बी (विमाने स्वतःची जागा कळवतात ते संकेत) रिसीव्हर, आणि हाताशी बंद करायचे बटण, हे तिन्ही असल्याशिवाय झोत आकाशात सोडायचा नाही. खोलीत १०६४ आणि ५३२ या दोन्हींसाठी प्रकाशीय घनता ७ असलेले गॉगल वापरा. फक्त हिरव्यासाठीचा गॉगल घालून काम करणे सर्वात घातक, कारण अवरक्त झोत दिसतच नाही. ३५५ वापरत असाल तर त्याची सोय वेगळी तपासा.

दुर्बीण आणि जुळणी

दृष्टिक्षेत्र म्हणजे फायबरच्या गाभ्याचा व्यास भागिले नाभीय अंतर. ८ मीटर नाभीय अंतर आणि १.५ मिलिमीटर गाभा असेल तर सुमारे १९० मायक्रोरेडियन, १.२ मीटर आणि ०.२ मिलिमीटर असेल तर १६७. ६० मायक्रोरेडियनचे दृष्टिक्षेत्र ८३ किलोमीटरवर फक्त पाच मीटरचे वर्तुळ व्यापते. झोत त्यात तासन्‌तास राहिला पाहिजे. डेटा बिघडायचे सर्वात नेहमीचे कारण हेच आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

१. लेसर सुरू करून तासभर तापू द्या. थंड लेसरवर केलेली जुळणी अर्ध्या तासात सरकते, कारण आतल्या दांड्याचे तापमान बदलताना झोताची दिशाही बदलते.

२. दुर्बीण एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर नेऊन फायबरचे टोक बरोबर नाभीवर आणा. टोक पुढे-मागे अगदी थोडे सरकवत मिळणारा प्रकाश नोंदवा आणि कमाल बिंदूवर घट्ट करा. दिवस-रात्र चालणाऱ्या संचात नळीच्या तापमानाने नाभी हलते. दिवसा ताराच नसतो, म्हणून तापमानानुसार नाभीची सारणी आधीच करून ठेवा.

३. शेवटचा आरसा दोन्ही अक्षांत १० मायक्रोरेडियनच्या पायऱ्यांनी फिरवा, उणे १०० ते अधिक १०० पर्यंत. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबून ४० ते ५० किलोमीटरमधला सिग्नल मोजा. जवळच्या उंचीवर कधीच जुळवू नका. तिथे दुर्बिणीची प्रतिमा नाभीबाहेर असते आणि झोत चुकीच्या जागी असूनही सिग्नल भरपूर येतो.

४. आलेख काढा. नीट जुळलेल्या संचात वर सपाट माथा आणि दोन्हीकडे उतार दिसतो. झोत त्या माथ्याच्या मध्यावर ठेवा, सिग्नल योगायोगाने सर्वात जास्त दिसलेल्या बिंदूवर नको. सपाट माथाच नसेल, नुसते टोक असेल, तर झोत दृष्टिक्षेत्राहून रुंद आहे किंवा नाभी चुकली आहे. आरसा फिरवत बसू नका, मागच्या पायरीवर जा.

५. नंतर नाभीप्रतलातला कॅमेरा झोताचा ठिपका पल्सगणिक पाहील आणि आरशाला सुधारणा देईल अशी साखळी लावा. अशी साखळी नसेल तर दर तासाला तिसरी पायरी पुन्हा करा. ती पुन्हा न करता सहा तास चालवलेला डेटा बहुतेक वेळा दुसऱ्या तासानंतर उताराला लागलेला असतो, आणि नंतर तो उतार सिरस या उंच, पातळ ढगांचा की जुळणीचा हे सांगता येत नाही.

फिल्टर: इथेच चूक लपते

दिवसाच्या मोजणीत इंटरफेरन्स फिल्टरमागे फॅब्री-पेरो इटॅलॉन (दोन समांतर परावर्तक पृष्ठभागांचा अतिअरुंद फिल्टर) लागतो, बहुधा दोन. इटॅलॉनची मध्यलांबी लेसरशी सतत जुळलेली ठेवावी लागते. त्यासाठी लेसरचाच थोडा प्रकाश त्यातून पाठवून दाबाने किंवा पिझोने (विजेने किंचित लांबी बदलणाऱ्या स्फटिकाने) पृष्ठभागांमधले अंतर सुधारत राहतात.

आता लपलेली चूक. हवेचे रेणू वेगाने हलत असल्याने त्यांच्याकडून परतणारी रेषा डॉप्लरमुळे सुमारे २ पिकोमीटर रुंद होते. बर्फाचे कण रेणूंच्या तुलनेत अजस्र, त्यांची रेषा अरुंदच राहते. त्यामुळे अरुंद इटॅलॉनमधून ढगाचा प्रकाश जवळजवळ पूर्ण जातो, रेणूंचा थोडा कापला जातो. ढगाची तीव्रता आपण रेणूंच्या सिग्नलशी ताडून काढतो, म्हणून दुरुस्ती न केल्यास प्रत्येक ढग खऱ्यापेक्षा तेजस्वी निघतो, आणि फक्त दिवसा. मग दिवस-रात्रीचा फरक ढगातच असल्यासारखा दिसतो. उपाय असा: आकाश अंधारे असताना इटॅलॉन घालून आणि काढून, आलटून पालटून पाच-पाच मिनिटे मोजा, ४० किलोमीटरजवळचे गुणोत्तर काढा, आणि इटॅलॉनच्या मोजलेल्या रुंदीवरून काढलेल्या सैद्धांतिक आकड्याशी ताडा. दोन्ही जुळेपर्यंत दिवसाची तीव्रता कुठेही छापू नका.

डिटेक्टर आणि गणना

खालच्या तीस किलोमीटरमधून येणारा प्रकाश वरच्याच्या लाखो पट असतो. तो संवेदनशील डिटेक्टरवर पडू देऊ नका. पहिली २०० मायक्रोसेकंद फिरता चॉपर (प्रकाश अडवणारी चकती) किंवा गेटिंग (डिटेक्टर तेवढा वेळ विजेने बंद ठेवणे) वापरून डिटेक्टर झाका आणि खालच्या उंचीसाठी प्रकाशाचा लहान हिस्सा दुसऱ्या डिटेक्टरकडे वळवा. झाकले नाही तर फोटोमल्टिप्लायर त्या तडाख्यानंतरही हळूहळू ओसरणाऱ्या खोट्या गणना देत राहतो, आणि ही शेपटी नेमकी ऐंशी किलोमीटरपर्यंत पोचते.

मृतकाळाची, म्हणजे एक फोटॉन मोजल्यावर गणक पुढचा मोजू शकत नाही त्या वेळेची, दुरुस्तीही हवी. २० नॅनोसेकंद मृतकाळ असलेला गणक सेकंदाला एक कोटी गणनांवर वीस टक्के हरवतो. ४० किलोमीटरवर हे झाले तर तुलनेचा पायाच खचतो.

आकडेमोड

कच्चा डेटा ३० सेकंद आणि ५० किंवा १५० मीटरच्या खणांत साठवा. सरासरी नंतर कितीही घेता येते, विस्कटता येत नाही. पुढचा क्रम ठरलेला आहे. मृतकाळ-दुरुस्ती, १०० ते १४० किलोमीटरमधली सरासरी पार्श्वप्रकाश म्हणून वजा, अंतराच्या वर्गाने गुणाकार, मग ३८ ते ४५ किलोमीटरमधला सिग्नल रेणूंच्या अपेक्षित घनतेशी जोडणे. घनता एमएसआयएससारख्या वातावरण-प्रतिमानातून किंवा हवामान-विश्लेषणातून घ्या.

जोडणी याच उंचीवर का? खाली धूलिकण असतात, वर सिग्नल विरळ होतो. आणि या उंचीच्या वर शोषण नगण्य असल्याने खालची सगळी गळती, धुके, सिरस, आरशावरचे मीठ, गुणोत्तरातून आपोआप निघून जाते. लेसरची ऊर्जा अचूक माहीत असायचीही गरज उरत नाही.

मोजलेला सिग्नल भागिले रेणूंचा अपेक्षित सिग्नल म्हणजे प्रकीर्णन-गुणोत्तर. त्यातून एक वजा करून रेणूंच्या गुणांकाने गुणले की ढगाचा गुणांक मिळतो. ८३ किलोमीटरवर रेणूंचा वाटा सुमारे ०.२ एकक, म्हणून १० एककांच्या ढगाला गुणोत्तर पन्नासच्या घरात येते.

उंचीत तीन गोष्टी विसरल्या जातात. केंद्राची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवा. ट्रिगर आणि प्रत्यक्ष प्रकाश यांतला विलंब मोजा. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे १५० मीटर. दुर्बीण ३० अंश कलती असेल तर कोनात ०.१ अंशाची चूक उंचीत सुमारे ८५ मीटर होते. थरांच्या उंचीतला दशकांचा कल शोधणाऱ्यांना हे आकडे लहान नाहीत.

थर खरा आहे का?

पाच मिनिटांच्या सरासरीत दोन लागोपाठच्या खणांत, आणि लागोपाठच्या दोन सरासऱ्यांत, सिग्नल गोंगाटाच्या चौपट वर असेल तरच उमेदवार म्हणून धरा. मग संशय घ्या.

थर तासन्‌तास एकाच खणात खिळलेला असेल तर तो बहुधा विद्युत-व्यत्यय आहे. खरा थर हवेतल्या लाटांवर (गुरुत्वतरंगांवर) वरखाली होतो आणि बरेचदा तासाला काहीशे मीटर खाली उतरतो. खात्रीसाठी लेसर चालू ठेवून झोत बाहेर जाण्याआधी अडवा आणि दहा मिनिटे मोजा. काहीही दिसले तर ते लेसरच्या स्विचिंगमधून केबलमध्ये शिरते आहे. १०० ते १४० किलोमीटरमध्ये पार्श्वप्रकाश सपाट नसून उतरता असेल तर डिटेक्टरची शेपटी आली आहे; त्यावर वक्र बसवून ती वजा करण्यापेक्षा चॉपरची वेळ दुरुस्त करा. एका नोंदीत सगळ्याच उंचींवर उसळी आली तर दृष्टिक्षेत्रातून उपग्रह गेला, ती नोंद टाका. दुसरा रंग किंवा दुसरी दुर्बीण असेल तर थर दोन्हीकडे दिसलाच पाहिजे, गुणोत्तर रंगानुसार वेगळे असले तरी.

रंगांवरून कणांचा आकार

कण तरंगलांबीहून खूप लहान असतील तर प्रकीर्णन त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढते आणि तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते. तेव्हा ३५५ आणि ५३२ मधले गुणोत्तर ५ येते, १०६४ आणि ५३२ मधले १/१६. कण मोठे होतील तशी ही गुणोत्तरे या आकड्यांपासून ढळतात, आणि त्या ढळण्यातच आकाराची माहिती असते. २० नॅनोमीटरखाली ढळणे इतके कमी की लायडार काहीच सांगू शकत नाही. सहाव्या घातामुळे दुसरीही मर्यादा येते: ४० नॅनोमीटरचा एक कण २० नॅनोमीटरच्या ६४ कणांइतका उजळतो, म्हणजे तुम्हाला दिसतो तो ढगाचा मोठ्या कणांचा हिस्सा. १०६४ चा सिग्नल सर्वात दुबळा असल्याने आकार काढायला तेजस्वी ढगच निवडा. त्या निवडीने सरासरी त्रिज्या वर झुकते, हे निकालाशेजारीच लिहा.

नोंद ठेवताना

ढग किती टक्के वेळ होते हा आकडा किमान गुणांकाशिवाय निरर्थक आहे. अलोमारच्या दीर्घकालीन मालिकेत ४ एककांची मर्यादा वापरतात; तुमचा संच तिथवर सतत पोचत नसेल तर जास्त धरा, पण हंगामभर तीच ठेवा. चालवण्याचे तासही दिवसभर सारखे वाटा. भरती-ओहोटीसारख्या वातावरणीय लाटांमुळे हे ढग दिवसाच्या ठरावीक वेळी जास्त असतात, त्यामुळे फक्त सोयीच्या वेळी चालवलेल्या लायडारचा हंगामी आकडा दुसऱ्या केंद्राशी ताडता येत नाही. ढग न दिसलेले तास, आणि हवामानामुळे बंद राहिलेले तास, हे दोन वेगळ्या स्तंभांत लिहा.